गोड्या पाण्यानं धुतलेले स्क्रू

मे महिना अर्ध्यावर आला की आमच्या घरी भांडणं सुरू होतात. लोकांच्या घरी या दिवसांत आढीतले आंबे पिकतात, गच्चीवर पापड वाळतात. आमच्या ओटीवर मात्र पाण्यावरच्या स्की येऊन पडतात. पावसाळ्यात किनाऱ्यावरचा सगळा खेळ बंद असतो. मग बोट ट्रेलरवर चढून शेडमध्ये जाते, लाइफ जॅकेटं कपड्यांच्या दोरीवर लोंबतात, दोरखंडांची वेटोळी पंख्याखाली वाळत बसतात आणि घरभर ओल्या रबराचा वास भरून राहतो. त्या पसाऱ्यात कमरेला ओढणी बांधून, पाटावर बसून, हातात स्टार स्क्रूड्रायव्हर घेऊन जी बाई कोणावर तरी ओरडत असते, ती मी.

यंदाही बसले. पहिली फळी मांडीवर आडवी घेतली, स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेत बसवलं, जोर लावला, आणि तळहातातून थेट कोपरापर्यंत ती जुनी ओळखीची कळ गेली. त्या कळेबरोबर तीन वर्षांपूर्वीचा मे महिना आला. तो दर वर्षी येतो. बाकी आठवणी कशा फुलांच्या वासानं, नाहीतर गाण्यानं येतात म्हणे. माझी ही एक आठवण गंजाच्या वासानं येते, आणि तिला काही इलाज नाही.

ज्यांनी स्की पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन लांब फळ्या असतात. प्रत्येक फळीवर रबराचा एक बूट पक्का बसवलेला असतो. त्या बुटात पाय कोंबायचा, बोटीला बांधलेली दोरी धरायची आणि पाण्यात बसून राहायचं. बोट पळाली की माणूस उभा राहतो आणि पाण्यावरून चालू लागतो. हे सगळं कौतुक ज्याच्यावर उभं असतं तो बूट फळीला धरून ठेवतात आठ स्क्रू. पुढे चार, मागे चार. करंगळीच्या पेरापेक्षा लहान. आमच्या घरच्या एका जोडीवर माझ्या लेकीचे, जुईचे पाय असतात, म्हणजे सोळा स्क्रूंच्या भरवशावर माझी मुलगी समुद्रात उभी राहते. एवढं एकदा ध्यानात घेतलं की मी मे महिन्यात का ओरडते ते कोणालाही कळेल.

स्क्रू ही जात मोठी तोंडदेखली. वरून डोकं चकचकीत, आणि खाली रबराच्या आत सगळं कुजलेलं. रबर पाणी धरून ठेवतं, वारा आत जात नाही, ऊन जात नाही. बाहेरून पाहाल तर स्की काल आणल्यासारखी. उघडून पाहाल तर तांबूस चिखल. बरं, उघडायला तरी यावं ना! नवऱ्याला दोष देता येतो, सासूला देता येतो, पण स्क्रूला काय बोलणार? तो आपला गप्प बसून राहतो, आणि गप्प बसणाऱ्याचा राग जास्त येतो.

विलास, माझा नवरा, आधी दुसऱ्यांच्या बोटी चालवायचा. सात वर्षांपूर्वी त्यानं स्वतःची जुनी बोट घेतली. तिच्याबरोबर विकणाऱ्यानं चार जोड्या स्की जवळजवळ फुकटात गळ्यात मारल्या, कारण आमच्या किनाऱ्यावर स्की कोणाला हव्या असतात? लोकांना ती केळ्याच्या आकाराची फुगवलेली नाव हवी, सगळ्यांनी एकत्र पाण्यात पडायचं, ओरडायचं, फोटो काढायचे आणि भजी खायची. स्कीवर उभं राहायचं तर कष्ट घ्यावे लागतात. विकणाऱ्यानं जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “ताई, यांना काही लागत नाही. रोज संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवा. बस. गोडं पाणी हेच यांचं औषध.”

ते मी देवाच्या नेमासारखं पाळलं. किनाऱ्यावरून सामान आलं की चहासुद्धा नंतर. मोठ्या निळ्या टपात विहिरीचं पाणी ओढायचं, एकेक फळी बुडवायची, बुटात हात घालून रबर पिळायचं, परत ताज्या पाण्यातून काढायचं. मीठ म्हणजे काय ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती. माझं माहेर नायगावच्या खाडीवरचं. आमच्याकडे खारीत, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, भात आणि बांधापलीकडे मिठागर. बाबांच्या पायांच्या भेगांत मीठ कायम भरलेलं असायचं. लोखंडाची फावडी दोन मोसमांत कशी पानासारखी पातळ होतात ते बघतच मी मोठी झाले. लग्न होऊन गास गावातल्या या वाडीत आले तेव्हा मला सर्वात नवल वाटलं होतं ते या विहिरीचं. समुद्र एवढा जवळ, आणि पाणी शहाळ्यासारखं गोड! पहिल्या महिन्यात मी नुसतं पाणी प्यायलाच विहिरीवर जायची. सासरे, अप्पा, मला हसायचे. “पी गो बाय, पी. तुमच्या खाडीला सांग, असं असतं पानी.”

जुईला मात्र त्या फळ्यांनी वेड लावलं. सकाळी भरतीच्या वेळी, वारा सुटायच्या आधी, आमचा समुद्र अर्धाएक तास अगदी थाळीसारखा सपाट असतो. त्या वेळेत विलास बोट काढायचा. मी किनाऱ्यावर टॉवेल घेऊन उभी. अप्पा डोक्याला पंचा गुंडाळून माझ्या शेजारी. बोट घरघरायची, दोरी ताणली जायची, पाण्यातून आधी दोन टोकं, मग गुडघे, मग सगळी जुई वर यायची, आणि अप्पा दर वेळी, अगदी दर वेळी म्हणायचे, “उठली बघ पोर!” जणू आदल्या दिवशी उठली नव्हतीच. माझ्या सगळ्या आयुष्यात एवढं स्वच्छ सुख मला दुसरीकडे कुठे मिळालेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी, मोसम संपायला थोडे दिवस राहिले असताना, ती अशीच उठली आणि वळणावर डाव्या पायाचा बूट पुढून सुटला. पुढचे चारही स्क्रू एकदम निघून आले. मागचे धरून राहिले, म्हणून पाय बुटातच अडकला आणि फळी भलतीकडे वळली. विलासनं बोट फिरवून तिला वर घेईपर्यंत मी कमरेएवढ्या पाण्यात कधी गेले होते ते मला आजही आठवत नाही. हाड मोडलं नव्हतं, पण घोटा नारळाएवढा सुजला होता. बोटीच्या काठावर बसून, दात वाजत असताना तिनं मला एकच विचारलं. “आई, तू घट्ट केले होतेस ना?”

केले होते. दर रविवारी करत होते. ते तिला सांगून काय उपयोग होता?

घरी येऊन मी घरातल्या प्रत्येकाला फैलावर घेतलं. विलास आधी. “तू धुतलं नसशील. मी त्या दोन दिवशी नायगावला गेले होते, तू सामान तसंच टाकलं असशील!” तो म्हणाला धुतलं. मी म्हटलं खोटं बोलतोस. मग जुई, पायाला पट्टी बांधून पलंगावर असतानाही, “ओल्या स्की पिशवीत कोंबतेस, किती वेळा सांगितलं!” मग अप्पांची पाळी. त्यांच्यावर माझा वेगळाच राग होता. त्या वर्षी नळाला एक दिवसाआड पाणी येत होतं, मी हंडे-कळश्या भरून ठेवायची, आणि म्हातारा सकाळी उठून त्यातलं डालड्याच्या जुन्या डब्यात भरून मोगऱ्याला आणि पानवेलीला घालायचा. पिण्याचं पाणी झाडांना! “अंगणात विहीर असताना तुम्हाला नळाचं पाणी कशाला लागतं, अप्पा?” ते नुसते हसले, म्हणाले, “म्हाताऱ्याची खोड गो,” आणि डबा घेऊन निघून गेले. मी मागून भांडी आपटली.

मग स्क्रू काढायचा तो आठवडा. दुसरा पाय तरी सुटायला नको, म्हणून चारही जोड्या उघडायच्या ठरवल्या. पहिल्या स्क्रूवर स्क्रूड्रायव्हर घसरला आणि खाच गुळगुळीत झाली. दुसऱ्याचं डोकंच तुटून हातात आलं, धड आत. तेल सोडलं, रात्रभर मुरू दिलं. हातोडीनं हलके ठोके दिले. विलासनं रेडिओ दुरुस्तीची सोल्डरिंग गन तापवून स्क्रूच्या डोक्यावर धरली, तर रबर वितळून घरभर असा धूर झाला की शेजारच्या एलिझाबेथमावशी कुंपणापाशी धावत आल्या. त्यांनी घरच्या ताडीचा शिरका बाटलीभर दिला. “गंजाला हाच बरा. लोणच्याला ठेवलेला, पण घे तू.” शिरक्यात भिजवलेल्या चिंध्या स्क्रूंवर ठेवून आम्ही दोन दिवस वाट पाहिली. ओटीवर लोणच्याचा वास, रबराचा वास, जुईच्या पायाच्या मलमाचा वास. काही स्क्रू सुटले. बाहेर आले ते काय, वाळलेल्या बोंबलाच्या शेपटासारखे, टोकाला निमुळते होऊन संपलेले. मला रडू आलं. राग आणि रडू यांत माझा नेहमी घोटाळा होतो.

नवे आणायला तुळिंजला गेले. पुलापलीकडची ती गर्दी, भाजीच्या गाड्यांमधून वाट काढत एका हार्डवेअरच्या दुकानात शिरले. दुकानदारानं मूठभर स्क्रू काउंटरवर ओतले. “भाभी, एकदम स्टेनलेस. लाइफटाइम.” मी पर्समधून लोहचुंबक काढला. हे एवढं शिकले होते, की चांगल्याला चुंबक लागत नाही. अर्धे स्क्रू टुणकन उडी मारून चिकटले. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. “भाभी, आप क्या करती हो?” काय सांगणार? म्हटलं, “सफाई.” निवडून निवडून न चिकटणारे चौसष्ट घेतले, वर थोडे जास्तीचे, आणि दुपारी उन्हातून परत येताना मला पहिल्यांदा जिंकल्यासारखं वाटलं. दोष सापडला होता. मागच्या वेळी स्क्रू बदलले तेव्हा विलासनं बघून घेतले नसणार, चुंबकाला लागणारे आणले असणार. बिचाऱ्याला मी दारातच गाठलं.

विलासनं शांतपणे माळ्यावरून मागच्या वेळची उरलेली पुडी काढली. चुंबक फिरवला. एकही चिकटला नाही.

ते सगळे चांगले होते, तरी सडले होते. मी पाटावर बसून त्या पुडीकडे आणि त्या सडलेल्या शेपटांकडे बघत राहिले. मी धुतलं होतं, घट्ट केलं होतं, स्क्रू बरे होते, आणि तरी माझ्या मुलीचा पाय सुटला होता. माणसाला चूक सापडली तर बरं वाटतं. सापडली नाही तर ती सगळीकडे दिसायला लागते. आता जुईला परत फळीवर कसं चढवायचं? तिनं पुन्हा तेच विचारलं तर मी काय सांगणार होते?

त्याच आठवड्यात नातीचा पाय बघायला माझे बाबा नायगावहून आले. हातात सुक्या जवळ्याची पिशवी. जुईजवळ बसले, तिला मिठागरातल्या साहेबाची गोष्ट सांगितली, चहा घेतला, आणि मग सवयीप्रमाणे हिंडायला निघाले. बाबांना एका जागी बसवत नाही. थोड्या वेळानं शेडमधून त्यांची हाक आली.

आमची शेड वाडीच्या खालच्या अंगाला आहे, पत्र्याची. बोट आली तेव्हा बांधली. त्या जागी आधी बावखल होतं. आमच्या वसईच्या वाड्यांमधून असतात तसं, पावसाचं पाणी धरून ठेवणारं डबकं म्हणा, तळं म्हणा. काठाला केळी, भेंडीची झाडं, पाण्यात बेडूक. विलास त्यातच पोहायला शिकला. मला मात्र त्याचं कौतुक नव्हतं. मला डास दिसायचे. जुई लहान होती, तिला दोनदा ताप येऊन गेला होता, आणि बोट ठेवायला जागा हवी होती. बुजवा म्हणून मीच लकडा लावला. भरावाची माती कुठून आणायची, तर त्याचीही सोय मीच केली. नायगावात तेव्हा खाडीकडेला टॉवर उठत होते, पाया खणून निघालेली माती टाकायला जागा नव्हती, आणि माझ्या भावाची तिथल्या ट्रकवाल्यांशी ओळख. आठ दिवस ट्रक येत राहिले. अप्पा बावखलाच्या काठावर बसून होते. मी विचारलं, “अप्पा, चालेल ना?” त्यांनी पाण्यात पडलेल्या मातीकडे बघितलं. मग हसून म्हणाले, “तुझ्या म्हायेरची माती. तिला नाय कसं म्हनू?” मला तेव्हा केवढं बरं वाटलं होतं!

तर त्या शेडमध्ये बाबा उकिडवे बसले होते. पत्र्याच्या कडेला, जमीन जिथे उघडी होती तिथे, पांढरं फुललं होतं. उन्हाळ्यात ते नेहमी फुलायचं. मी त्याला चुना समजून झाडून टाकायची. बाबांनी बोटावर घेतलं, जिभेला लावलं आणि माझ्याकडे वर बघितलं.

“ही तं आपले खारीची माती हाय. हितं कनाला आनली?”

“भरावाला,” मी म्हटलं.

“कोनी?”

मी पायानं ते पांढरं पसरवून टाकलं. बाबा उठले, शेडमधून बाहेर आले आणि मान वळवून विहिरीकडे बघितलं. विहीर तिथून वीस-पंचवीस पावलांवर, जरा उताराला. त्यांनी मधल्या जमिनीवरून नजर फिरवली, शेतकऱ्याची नजर, पाणी कुठून कुठे जाईल ते बघणारी. म्हणाले, “चार पावसाल्यांचा मीठ उतरला असंल हिच्यान. बावीचा पानी चाखलास तू?”

नव्हतं चाखलं. नळ आल्यापासून विहिरीचं पाणी प्यायचं कोणाच्या मनातही येत नव्हतं. ते धुण्याला, भांड्याला, आणि माझ्या स्कींना. विहीर गोड आहे हे मला माहीत होतं, आणि माहीत असलेलं कोण चाखून बघतं? मी रहाटाला हात घातला, बादली ओढली आणि ओंजळभर तोंडात घेतलं. नायगावच्या पोरीला ती चव सांगावी लागत नाही. दर संध्याकाळी चहा न घेता, नेमानं, प्रेमानं, मी माझ्या मुलीच्या पायाखालच्या त्या सोळा स्क्रूंना मिठात बुडवत होते. समुद्रानं लावलेलं मीठ मी माहेरच्या मिठानं धूत होते.

अप्पा कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. त्यांनी माझ्या हातातली बादली घेतली, तिरकी केली, व्याह्यांच्या देखत दोन घोट प्यायले, पंच्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, “गोड हाय की! तुझी जीभ उन्हानं खराब झाली, बाय.”

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. अप्पांनी बाबांकडे बघितलं नाही. आणि मला एकदम डालड्याचा डबा दिसला, नळाच्या पाण्याचा, मोगऱ्याच्या मुळाशी रिकामा होणारा. त्यांना माहीत होतं. झाडं मरायला लागली असतील तेव्हाच कळलं असेल. माहेरची माती खारट निघाली हे सुनेला कोणत्या तोंडानं सांगायचं, म्हणून हा माणूस पहाटे उठून माझ्या हंड्यातलं पाणी चोरत होता आणि वरून माझी बोलणी खात होता.

मला तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटलं असेल असं कोणाला वाटेल. नाही. मला भयंकर राग आला. सांगितलं असतं तर? एका शब्दानं, “पाणी खारं झालंय” एवढं म्हटलं असतं, तर जुई पडली नसती. असलं कसलं हे चांगुलपण, जे आठ स्क्रू कुजेपर्यंत तोंड उघडत नाही? आणि हे मी त्यांना बोलूही शकत नव्हते, कारण बोलले असते तर माती कोणाची हा प्रश्न आला असता. गुन्हेगार मी, आणि मला माफ करून टाकणारा समोर उभा, न विचारताच! यावर माणसानं करायचं तरी काय? मी बादली विहिरीच्या कठड्यावर आपटली आणि आत गेले.

त्या संध्याकाळी मी नवे स्क्रू बसवले. प्रत्येकाला आधी ग्रीसचं बोट लावलं आणि एकामागून एक न बसवता समोरासमोरचे आवळत गेले. धुतले नळाच्या पाण्यानं. पुढच्या मोसमात जुई पाण्यात उतरली तेव्हा तिनं विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं, आणि मी मान हलवली. ती उठली. अप्पा म्हणाले, “उठली बघ पोर!”

आणि मग तीन वर्षं आम्ही ते नाटक चालवलं. मी नळाचं पाणी कॅनमध्ये भरून स्कींसाठी बाजूला ठेवायची, आणि कोणी विचारलं तर म्हणायची, विहिरीवर शेवाळ झालंय, पाय घसरतो. अप्पा त्यांचा डबा भरायचे. कधी कधी आम्ही दोघं एकाच हंड्यापाशी भेटायचो, त्यांचा डबा, माझा कॅन, आणि पाऊस यंदा लवकर येईल की उशिरा यावर बोलायचो. विलासला सांगितलं होतं मी. तो म्हणाला, “होतं असं. गावात किती विहिरी खाऱ्या झाल्यात.” झाल्या असतील. त्या मी नाही केल्या.

यंदा या आठवड्यात नळाला पाणी आलंच नाही. पाइप कुठेतरी फुटलाय म्हणे. घरात दोन हंडे शिल्लक, आणि ओटीवर समुद्रातून आलेल्या स्की. मीठ सुकायला लागलं की रबराच्या कडेला पांढरी रेघ उमटते. ती रेघ बघत मी पाटावर बसले होते, पहिल्याच स्क्रूवर हात दुखवून घेतला होता. जुई आतून आली. आता सतरा वर्षांची, माझ्यापेक्षा उंच.

“आई, आजच्या दिवस विहिरीचं घेऊ का?”

मी तोंड उघडायच्या आधीच खुर्चीतून अप्पा म्हणाले, “घे की. गोड हाय.”

आवाजात जराही कंप नाही. थकलेत आता, हात हलतात, डबा अर्धाच भरतात, पण हे एक वाक्य अजून ठणठणीत. मी त्यांच्याकडे बघितलं. हा माणूस मरेपर्यंत हेच म्हणत राहणार, हे मला त्या क्षणी कळलं. मी सोडवल्याशिवाय तो त्यातून सुटणार नव्हता.

स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. विलासच्या पेटीतून पाना काढला, शिडी ओढली आणि शेडकडे निघाले. विलास मागून धावत आला.

“काय करतेस? पावसाच्या तोंडावर शेड उतरवतेस? बोट कुठे ठेवू मी?”

“अंगणात. ताडपत्रीखाली.”

“अगं, पण आत्ताच कशाला? पावसाळा जाऊ दे...”

“माती उपसून बावखल पावसाच्या आधी खणतात, विलास. नंतर नाही.”

तो पाय आपटत माघारी गेला. थोड्या वेळानं फोनवर जेसीबीवाल्याचा नंबर शोधताना दिसला, पुटपुटत.

मी शिडी चढले. पत्र्याचा पहिला स्क्रू, सहाकोनी डोक्याचा, गंजून पत्र्याशी एक झालेला. पाना लावला. हलला नाही. अर्थात. माझ्या नशिबात सरळ सुटणारा स्क्रू नाहीच. दोन्ही हातांनी धरून, शिडीवर अंगाचा सगळा भार टाकून, तोंडानं जे येईल ते बोलत मी तो ओढला, आणि तो करकरत फिरला. खाली बघते तर अप्पा. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तोच डबा, वर केलेला. मी स्क्रू त्यात टाकला. टण्णकन आवाज झाला. मग दुसरा, मग तिसरा. जुईनं पत्र्याची एक कड धरली, मी दुसरी, आणि आम्ही पत्रा बाजूला सरकवला. सात वर्षांत पहिल्यांदा त्या जमिनीवर ऊन पडलं. सगळीकडे पांढरं फुललेलं होतं.

अप्पांनी काठीचं टोक त्या पांढऱ्यात रुतवलं.

“खारी झाली गो विहीर,” ते म्हणाले. “पयल्याच उन्हाल्यात समजलेलं मला.”

मी शिडीवर तशीच उभी राहिले. मग पाना पुढच्या स्क्रूला लावला. अप्पांनी डबा हलवला, आतले स्क्रू एका बाजूला केले आणि पुढच्यासाठी तो पुन्हा वर धरला.